छोट्या विमानासाठी ट्रॅफिक-हवामानाचा पोर्टेबल रिसीव्हर घेताय? सुरुवात डब्यापासून नका करू

अमेरिकेत फ्लाइंग शिकणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात, आणि सोलो (एकट्याने पहिलं उड्डाण) वगैरे झालं की जवळपास प्रत्येकाचा एकच प्रश्न येतो, "एडीएस-बीचा रिसीव्हर कुठला घेऊ?" (एडीएस-बी म्हणजे विमानांनी आपली जागा रेडिओवरून सांगायची पद्धत.) मीही हाच प्रश्न विचारला होता, आणि एअरपोर्टवरच्या एका ओळखीच्याने सांगितलेला सेकंडहँड डबा त्याच आठवड्यात विकत घेऊन टाकला. घरी आणला, चार्ज केला, लाइट लागले, आयपॅडला त्याचं वायफायही दिसलं, पण माझं उड्डाणाच्या नकाशांचं ॲप त्याच्यातून एक अक्षर वाचेना. दोन रविवार त्यात गेल्यावर कळलं की तो डबा दुसऱ्याच ॲपसाठी बनवलेला आहे. पुढे अजून एक गोष्ट कळली, की मी क्लबचं जे विमान उडवत होतो त्यात हे सगळं आधीपासूनच होतं, फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. क्रम असा ठेवा: आधी विमान, मग ॲप, मग डबा.

मी न्यू जर्सीत राहतो, क्लबची सेसना १७२ भाड्याने घेऊन उडवतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच आहेत. आणि हे सगळं अमेरिकेपुरतंच धरा. हवामान फुकट देणारी जी सेवा खाली सांगितलीय, एफआयएस-बी, ती इथे ९७८ मेगाहर्ट्झवर मिळते. हाच डबा सुट्टीत बारामतीला किंवा धुळ्याला शिकणाऱ्या भाच्यासाठी घेऊन जायचा विचार असेल तर हवामानाचा भाग तिथे रिकामाच राहील, तेव्हा तो खर्च करू नका.

आधी दोन मिनिटं, हा डबा करतो काय

एडीएस-बीच्या दोन बाजू आहेत. "आउट" म्हणजे तुमचं विमान दर सेकंदाला ओरडून सांगतं की मी कोण, कुठे, किती उंचीवर, किती वेगात. "इन" म्हणजे दुसऱ्यांचं ते ओरडणं ऐकणं. १ जानेवारी २०२० पासून ठरावीक एअरस्पेसमध्ये आउट सक्तीचं झालं: क्लास ए, बी, सी (हे हवाई हद्दीचे प्रकार), मोठ्या क्लास बी एअरपोर्टभोवतीचं ३० नॉटिकल मैलांचं वर्तुळ, आणि साधारण १०,००० फुटांच्या वर. इन कोणालाही सक्तीचं नाही. आपण जो पोर्टेबल डबा घेतो तो फक्त इन, म्हणजे कान. तो लावला म्हणून तुम्ही दुसऱ्याला दिसायला लागत नाही, आणि तो लावून आउटचा नियम पाळला जात नाही. नवीन लोकांची इथे फार गफलत होते.

१. तुमचं विमान काय प्रसारित करतं ते शोधा

क्लबच्या मेंटेनन्सवाल्याला किंवा इन्स्ट्रक्टरला सरळ विचारा: "यात एडीएस-बी आउट कुठलं आहे, १०९० की ९७८ मेगाहर्ट्झ? आणि इन आहे का?"

हा प्रश्न पैसे वाचवतो. उदाहरणार्थ गार्मिनचा जीटीएक्स ३३५ ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) फक्त आउट देतो, पण त्याचाच भाऊ जीटीएक्स ३४५ आउट आणि इन दोन्ही देतो आणि ट्रॅफिक, हवामान ब्लूटूथवरून तुमच्या आयपॅडला पाठवतो. पॅनेलवर दोघं जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे नंबर नीट वाचा. तुम्ही कायम ३४५ वालंच विमान घेणार असाल तर पोर्टेबल डब्याची गरजच नाही, ब्लूटूथ पेअर करा आणि मोकळे व्हा. पण क्लबमध्ये चार विमानं आणि चौघांची चार तऱ्हा असेल, तर स्वतःचा डबा बरोबर असलेला बरा, तो प्रत्येक विमानात सारखाच चालतो.

आउट का महत्त्वाचं ते सांगतो, कारण ही गोष्ट खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. जमिनीवरचे एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे) रेडिओ टॉवर दोन जास्तीची कामं करतात. एक, ज्या विमानांकडे नुसता जुना ट्रान्सपाँडर आहे त्यांची रडारवरची जागा वर पाठवणं, याला टीआयएस-बी म्हणतात. दुसरं, ९७८ वाल्यांचा संदेश १०९० वाल्यांना आणि उलट असा पोचवणं, याला एडीएस-आर म्हणतात. पण ही दोन्ही कामं टॉवर तुमच्यासाठी तेव्हाच करतो जेव्हा तुमचं विमान स्वतः आउट पाठवत असतं. टीआयएस-बीच्या बाबतीत तुमच्याभोवती १५ नॉटिकल मैलांचं आणि वर-खाली ३,५०० फुटांचं एक गोल डबड्यासारखं क्षेत्र धरलं जातं आणि त्यातली विमानं तुम्हाला पाठवली जातात. आउट नसलेल्या विमानात तुम्ही कितीही भारी रिसीव्हर लावला तरी तुम्हाला शेजारच्या कोणाच्या तरी डबड्यातले तुकडे मिळतात, आणि स्क्रीन भरलेली दिसते म्हणून आपल्याला वाटतं सगळं दिसतंय. हा धोका रिकाम्या स्क्रीनपेक्षा मोठा आहे.

यातलाच एक आतला खड्डा: आउटच्या यंत्राला सेटिंगमध्ये सांगावं लागतं की या विमानात "ऐकायची" सोय आहे, ९७८ ची आहे आणि १०९० चीही. इन्स्टॉल करणाऱ्याने ते भरलं नसेल तर टॉवर तुम्हाला ती सेवा नीट देत नाही. स्वतःचं विमान असेल तर एव्हिऑनिक्स शॉपला (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवणाऱ्यांना) हे नक्की तपासायला सांगा. शिवाय एफएएच्या वेबसाइटवर एन-नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) आणि फ्लाइटची तारीख टाकली की आउट नीट चाललं का त्याचा रिपोर्ट फुकट ईमेलवर येतो. विमान विकत घेण्याआधी तर तो मागवाच.

२. ॲप ठरवा, आणि मग बदलू नका

माझ्या चुकीचं मूळ इथेच होतं. रिसीव्हरला स्वतःचा पडदा जवळजवळ नसतो, जे काय बघायचं ते ॲपवर, म्हणून ॲप आधी.

फोरफ्लाइट फक्त आयपॅड-आयफोनवर चालतं. तुमच्याकडे अँड्रॉइड टॅब असेल तर तो विषय तिथेच संपला, मग गार्मिन पायलट बघा, किंवा फुकटातलं फ्लाइटप्लॅन गो किंवा अवेअर. तुमचा इन्स्ट्रक्टर जे वापरतो तेच घ्या असं माझं मत आहे, निदान पहिलं वर्ष, कारण शेजारी बसून तो तुम्हाला दाखवू शकतो की हे बटण दाब, ते बंद कर.

मग डब्याची जोडी जुळवा. सेंट्री ही रिसीव्हरची मालिका फोरफ्लाइटसाठी बनवलेली आहे. गार्मिनचा जीडीएल ५० गार्मिन पायलटबरोबर चालतो आणि फोरफ्लाइटबरोबरही. "जीडीएल ९०" असं कुठे वाचलंत तर दचकू नका, त्या नावाची एक खुली डेटा-पद्धत आहे आणि बरीच ॲप्स ती वाचतात, स्ट्रॅटक्स (घरी बनवायचा रिसीव्हर) वगैरे त्याच भाषेत बोलतात. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याला एवढंच विचारा, "तुम्ही हा कुठल्या ॲपबरोबर वापरत होता?" आणि शक्य असेल तर त्याच्यासमोर तुमच्याच आयपॅडला जोडून बघा, मगच पैसे द्या.

३. दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकणाराच घ्या

यात तडजोड नको. हवामान येतं ते फक्त ९७८ वर. पण एअरलाइनची सगळी विमानं आणि छोट्यांतलीही पुष्कळ १०९० वर बोलतात. एकच बँड ऐकणारे जुने स्वस्त डबे अजून विकायला दिसतात, ते सोडून द्या. "ड्युअल बँड" लिहिलेलं आहे ना एवढं बघा.

४. बाकीच्या सोयींपैकी काय लागतं, काय नाही

जीपीएस: नुसतं वायफायवालं आयपॅड असेल तर त्यात जीपीएस चिपच नसते. सिमची सोय असलेल्या मॉडेलमध्ये असते, सिम घातलं नसलं तरी. तेव्हा वायफायवालं असेल तर डब्यातला जीपीएस ही चैन नाही, त्याशिवाय नकाशावर तुमचं विमान दिसणारच नाही.

बॅटरी: सेंट्रीची साधारण १२ तास, सेंट्री प्लसची १८, जीडीएल ५० ची ८ च्या आसपास असं कंपन्या सांगतात. सेंट्री मिनीला आत बॅटरीच नाही, बाहेरून पॉवर द्यावी लागते. दोन तासांच्या लोकल फ्लाइटला काहीही पुरतं. लांबच्या क्रॉस कंट्रीला मात्र केबलवर अवलंबून राहायचं नसतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि जाहिरातीत सगळ्यात मागे असतो. छोट्या पिस्टन विमानात केबिनचा हीटर एक्झॉस्टभोवतीच्या हवेवर चालतो, एक्झॉस्टला बारीक चीर पडली की तो वायू थेट आपल्या नाकात. वास नाही, रंग नाही. इथे नोव्हेंबर ते मार्च हीटर चालूच असतो. सेंट्री आणि सेंट्री प्लसमध्ये हा अलार्म आहे, मिनीत नाही. तुम्ही घेतलेल्या डब्यात नसेल तर वेगळा डिटेक्टर घ्या, पण घ्याच.

एएचआरएस, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारा सेन्सर: पॅनेलवरचं यंत्र बंद पडलं तर आयपॅडवर कृत्रिम क्षितिज दिसतं. असलेला चांगला, पण तो प्रमाणित नाही, डबा घट्ट बसवलेला आणि कॅलिब्रेट केलेला असेल तरच बरोबर दाखवतो. सीटवर लोळत पडलेल्या डब्याच्या क्षितिजावर विश्वास ठेवून ढगात शिरायचं नसतं.

५. मग कुठला घ्यायचा

नवीन घेतलात तर किमती बदलत राहतात, म्हणून आकडा घेण्याच्या दिवशी बघा.

फोरफ्लाइट आणि स्वतःचं जीपीएसवालं आयपॅड, विमान भाड्याचं, पैसे बेताचे, तर सेंट्री मिनी अधिक वेगळा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर. थोडे जास्त घालायची तयारी असेल तर साधा सेंट्री, मी शेवटी तोच घेतला आणि मला पुरतो. गार्मिन पायलट वापरत असाल तर जीडीएल ५०. जीडीएल ५२ मध्ये एडीएस-बीबरोबर सिरियसएक्सएमचं उपग्रहावरचं हवामानही येतं, त्याला महिन्याची वर्गणी आहे पण ते जमिनीवर उभं असतानाही दिसतं. आठवड्याला राज्यं ओलांडणाऱ्यांना ते परवडतं, आपल्यासारख्या शनिवारच्या पायलटला माझ्या मते नाही.

आणि स्ट्रॅटक्स. रास्पबेरी पाय, दोन छोटे रेडिओ डोंगल, जीपीएस, पंखा, आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर. आयटीतल्या आपल्या लोकांना याचा मोह होतो आणि बनवायला मजाही येते. फक्त दोन गोष्टी: कमकुवत पॉवर बँक लावला तर मध्येच बंद पडतो, आणि उन्हात तापतो. बनवलात तर घराच्या खिडकीत सलग चार तास चालवून बघा आणि मगच विमानात न्या. पहिली फ्लाइट हे टेस्टिंगचं ठिकाण नाही.

६. हे सामान आणि ही माहिती जवळ ठेवा

- विमानाचा एन-नंबर आणि त्याचा आयसीएओ हेक्स कोड (एडीएस-बीत विमान ओळखायचा कोड), दोन्ही एफएएच्या रजिस्ट्रीत मिळतात
- विमानात कुठलं आउट आहे ते, एका ओळीत लिहून
- ॲपची चालू वर्गणी आणि अपडेट केलेले चार्ट
- काचेला चिकटणारा सक्शन माउंट, आणि तो पडू नये म्हणून बांधायला एक दोरी
- दोन केबल, एक चालू आणि एक बॅगेत
- पॉवर बँक
- १२ ते २८ व्होल्ट चालणारा चार्जर

शेवटच्यावर थोडं थांबतो. जुन्या बऱ्याच विमानांत १२-१४ व्होल्टची सिस्टिम असते, पण १७२ आर आणि १७२ एस मध्ये २८ व्होल्टची. कारमधला स्वस्त चार्जर फक्त १२ साठी बनवलेला असू शकतो, तो २८ च्या सॉकेटमध्ये खुपसला तर जळतो, आणि आकाशात जळक्या वायरचा वास येणं म्हणजे काय ते तुमच्या इन्स्ट्रक्टरला विचारा. चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं, भिंग लावून का होईना वाचा.

७. घरी बसून जोडणी

डबा चालू करा, आयपॅडच्या वायफायमध्ये जाऊन त्याचं नाव निवडा. इथे तीन गोष्टींत लोक हमखास अडकतात.

पहिली, आयफोन-आयपॅडमध्ये प्रत्येक ॲपला "लोकल नेटवर्क"ची परवानगी लागते. ॲप पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत "नको" दाबलं गेलं असेल तर वायफाय जोडलेलं दिसतं पण डेटा शून्य. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा.

दुसरी, डब्याच्या वायफायवर इंटरनेट नसतं. म्हणून चार्ट डाउनलोड, ब्रीफिंग, फ्लाइट प्लॅन फाइल करणं हे सगळं आधी उरका. आणि एअरपोर्टच्या लाउंजचं वायफाय आयपॅडला आठवत असेल तर विमान जमिनीवर चालवताना (टॅक्सी करताना) ते गुपचूप तिकडे उडी मारतं, त्या वायफायचं ऑटो-जॉइन बंद करून ठेवा.

तिसरी, ॲपमध्ये आपला एन-नंबर किंवा हेक्स कोड भरा. नाहीतर तुमचंच विमान तुम्हाला ट्रॅफिक म्हणून दिसतं, बरोब्बर तुमच्या जागी, तुमच्याच उंचीवर, आणि अलार्म ओरडत राहतो. विमान बदललं की नंबरही बदलायचा, हे मी प्रीफ्लाइटच्या यादीतच लिहून ठेवलंय.

घरात हवामान आलं नाही म्हणून घाबरू नका. टॉवर आणि डबा यांच्यामध्ये सरळ रेषा मोकळी लागते, छोट्या एअरपोर्टवर जमिनीवर बहुतेक वेळा काहीच येत नाही, उड्डाणानंतर हजारेक फुटांवर गेलं की टॉवर एकेक करून दिसायला लागतात.

८. विमानात लावायचा कुठे

मी आधी मागच्या डाव्या खिडकीला लावायचो, सोयीचं म्हणून. मग एकदा ऑक्टोबरात मित्राला घेऊन हडसन नदीवर गेलो. तिथे न्यूयॉर्कच्या क्लास बीच्या खाली एक खास पट्टा आहे, १,३०० फुटांच्या खाली, कंट्रोलरशी न बोलता १२३.०५ वर स्वतःची जागा सांगत जायचं, वेग १४० नॉटच्या आत, आणि उजव्या किनाऱ्याला धरून. ऑगस्ट २००९ मध्ये तिथे एक पायपर आणि एक हेलिकॉप्टर धडकून ९ जण गेले, त्यानंतर हे नियम असे कडक झाले.

व्हेराझानो पूल ओलांडला, उत्तरेकडे निघालो, स्क्रीनवर डावीकडे आणि समोर चार-पाच हेलिकॉप्टर, कोणी उणे चार (म्हणजे ४०० फूट खाली), कोणी उणे पाच, सगळी खाली. उजवीकडे मॅनहॅटनची बाजू स्क्रीनवर स्वच्छ. आणि मित्र उजव्या सीटवरून शांतपणे म्हणाला, "तुझ्या स्क्रीनवर हे आहे का?" त्याच्या खिडकीखाली एक हेलिकॉप्टर नदीवरून वर चढत होतं, इतकं जवळ की त्याच्या शेपटीवरचा लाल पट्टा दिसत होता. मी डावीकडे सरकलो, रेडिओवर सांगितलं, तोही वळला. ते आमच्या नाकासमोर आल्यावर मगच स्क्रीनवर उमटलं. डबा डाव्या काचेला, मध्ये आम्ही दोघं, सीटच्या चौकटी, विमानाचा पत्रा, म्हणजे उजवीकडच्या खालच्या सिग्नलला वाटच नव्हती.

तेव्हापासून दर नवीन विमानात मी जागा बदलून बघतो. सर्वसाधारण नियम असा: जितक्या जास्त दिशांना काच तितकं चांगलं. सेसनासारख्या वर पंख असलेल्या विमानात वरचा सिग्नल पंखाने अडतो, पायपरसारख्या खाली पंखवाल्यात खालचा. ग्लेअरशील्डवर (पॅनेलच्या वर, काचेलगतचा भाग) ठेवलात तर समोरचं छान येतं पण उन्हात डबा आणि आयपॅड दोन्ही भाजतात. ॲपलच आयपॅडला ३५ अंश सेल्सियसपर्यंतच वापरा म्हणतं, आणि जुलैत काचेमागे ते पार करायला वेळ लागत नाही, पडदा काळा होऊन तापमानाची सूचना येते, ती नेमकी पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरण्याआधी एअरपोर्टभोवती फिरताना. आयपॅड व्हेंटच्या हवेत ठेवा. आणि डबा होकायंत्राजवळ नको.

९. ट्रॅफिक वाचायचं कसं

बाणाशेजारी आकडा असतो, तो शेकड्यात. "+०३" म्हणजे तुमच्यापेक्षा ३०० फूट वर, "-०२" म्हणजे २०० फूट खाली, बाजूला छोटा बाण वर असेल तर ते चढतंय. आकडा नसेल तर उंची माहीत नाही, म्हणजे ते तुमच्याच उंचीवर आहे असं धरून शोधा.

ॲपमध्ये लांबची आणि फार वरची विमानं लपवायची सोय असते, ती लावा. नाहीतर न्यूअर्कवर उतरणारी जेटं मोजण्यात वेळ जातो.

जे बहुधा दिसणार नाहीत त्यांची यादी पाठ करा: मुळात इलेक्ट्रिकल सिस्टिमच नसलेली जुनी विमानं, ग्लायडर, फुगे, यांना आउटमधून बऱ्याच ठिकाणी सूट आहे. शिवाय पक्षी, आणि ड्रोन. कंट्रोल टॉवर नसलेल्या एअरपोर्टवर पिवळं जुनं पायपर कब विमान पॅटर्नमध्ये फिरत असेल तर ते रेडिओवरही नसेल आणि स्क्रीनवरही नसेल. डोळ्यात तेल घालून बाहेरच बघायचं. मी स्वतःला लावून घेतलेली सवय अशी, की स्क्रीनवर एका वेळी दोन सेकंद, आणि पॅटर्नमध्ये शिरलो की स्क्रीन फक्त अलार्म वाजला तरच.

१०. हवामान: इथे सगळ्यात जास्त सांभाळा

एफआयएस-बीतून फुकट पुष्कळ येतं. मेटार (एअरपोर्टवरचं आत्ताचं हवामान), टॅफ (एअरपोर्टचा अंदाज), वरचे वारे, पायलटांचे रिपोर्ट, सिग्मेट (धोकादायक हवामानाचे इशारे), टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी), विजा, ढगांचे माथे, आणि नेक्सरॅडचं, म्हणजे हवामानाच्या रडारांच्या जाळ्याचं, रंगीत रडार. पूर्वी हे मिळवायला रेडिओवर फ्लाइट सर्व्हिसला हाका माराव्या लागायच्या, त्यामुळे ही सेवा मोठीच आहे. पण त्या रंगीत चित्राबद्दल एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा: ते जुनं असतं, आणि किती जुनं ते पूर्ण सांगत नाही.

होतं काय, की एका रडारला आकाशाचा एक पूर्ण फेरा मारायला काही मिनिटं लागतात. मग अनेक रडारांची चित्रं जोडून एक मोठं चित्र तयार होतं. मग ते टॉवरला जातं, मग तुमच्याकडे. जवळच्या भागाचं बारीक चित्र दर ५ मिनिटांनी नवं होतं, पूर्ण देशाचं जाड चित्र दर १५ मिनिटांनी. ॲप तुम्हाला "३ मिनिटं जुनं" म्हणतं, ते चित्र जोडून झालं तेव्हापासून मोजलेलं असतं, रडारने पाऊस बघितला तेव्हापासून नाही. एनटीएसबीने (अमेरिकेतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने) २०१२ मध्ये याबद्दल खास सावधानतेची सूचना काढली, की खरं वय दाखवलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतं, आणि त्यात त्यांनी ज्या अपघातांची उदाहरणं दिली त्यात माणसं गेली होती.

हिशोब करून बघा. वादळ ३० नॉटने सरकतंय आणि चित्र २० मिनिटं जुनं आहे, म्हणजे ते तुमच्या स्क्रीनवर दिसतंय त्यापेक्षा १० नॉटिकल मैल पुढे आलेलं आहे. दोन लाल ठिपक्यांमध्ये जी आठ मैलांची हिरवी वाट दिसतेय ती आता तिथे नाही. रडारचं चित्र या बाबतीत वरातीमागून येणारं घोडं आहे. ते वापरायचं ते लांबूनच वाट बदलायला, "आज इथून पश्चिमेला जायचंच नाही, ॲलनटाउनलाच उतरू" असं ठरवायला. ठिपक्यांमधून नागमोडी काढायला कधीच नाही. जोरदार वादळापासून निदान २० मैल लांब राहा हे एफएए सांगतं ते याचसाठी.

दुसरा फसवा प्रकार, रंग नसणं. पाऊस नाही म्हणून रंग नाही, आणि त्या भागाचा डेटाच आलेला नाही म्हणून रंग नाही, हे दोन वेगळे. ॲप सहसा डेटा नसलेला भाग वेगळ्या छटेत दाखवतं, तुमच्या ॲपमध्ये ती छटा कशी दिसते ते घरी शोधून ठेवा. खाली उडताना टॉवर एखाद-दोनच दिसतात, तेव्हा हे जास्त होतं. डिव्हाइसच्या पानावर किती टॉवर ऐकू येताहेत तो आकडा असतो, मी दर पंधरा मिनिटांनी तो बघतो.

टीएफआरचंही तसंच. आमच्या भागात बेडमिन्स्टरला राष्ट्राध्यक्ष आले की मोठं वर्तुळ बंद होतं. उडताना स्क्रीनवर ते दिसतं, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही. निघण्याआधी १-८००-डब्ल्यूएक्स-ब्रीफवर फोन किंवा त्यांच्या साइटवरचं पूर्ण ब्रीफिंग घ्या, आणि ते घेतल्याची नोंद राहते हेही चांगलं.

११. पहिली फ्लाइट

एकटे जाऊ नका. इन्स्ट्रक्टर किंवा दुसरा पायलट बरोबर घ्या, स्वच्छ हवेचा दिवस, ओळखीचा एअरपोर्ट. एकाने फक्त उडवायचं, दुसऱ्याने फक्त डबा बघायचा, आणि अर्ध्या वाटेत अदलाबदल. डबा बघणाऱ्याने तीन गोष्टी वहीत लिहायच्या: पहिला टॉवर किती फुटांवर मिळाला, रेडिओवर ऐकलेलं कुठलं विमान स्क्रीनवर नव्हतं, आणि डोळ्याने दिसलेलं कुठलं विमान स्क्रीनवर नव्हतं. मग डब्याची जागा बदला आणि परत येताना पुन्हा तेच. माझ्या वहीत क्लबच्या तिन्ही विमानांची अशी पानं आहेत, त्यातल्या एका १७२ मध्ये मागची उजवी खिडकी सगळ्यात चांगली निघाली, दुसरीत पुढची बाजूची.

उतरल्यावर डबा काढून घरी न्या. बंद विमानात उन्हात लिथियम बॅटरी सोडायची नाही.